डी ड्राइव्हमधला आवाज

फोटो-शूटिंगच्या दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती लावली, स्टॅबिलायझरचा खटका दाबला, कॉम्प्युटर चालू झाला, आणि डी ड्राइव्ह नव्हता. सी होता. रोजचाच पडदा, त्यावर कुठल्याशा नवरीचा फोटो, सगळं जागच्या जागी. पण सीच्या खाली जिथं डी असतो तिथं काहीच नाही. घराची पुढची खोली शाबूत आणि मागची अख्खी कुणी भिंतीसकट उचलून नेली, तसं. हर्षालीनं पडद्यावरची खिडकी बंद केली, परत उघडली. नाहीच. खाली वाकून कॅबिनेटला कान लावला. आत पंख्याची घरघर, आणि मग टक्. जरा थांबून परत टक्. जसं आत कुणी कोंडलंय आणि नखानं दार वाजवतंय. लग्नांचं काही नव्हतं, लग्नांच्या कॅसेटी कपाटात होत्या. पण डीमधे आण्णांचा आवाज होता, आणि तो दुसरीकडं कुठंच नव्हता. आण्णांच्या गळ्यातसुद्धा नाही.

मागून चुटकी वाजली. आण्णा, म्हणजे तिचा बाप सावळेराम, काउंटरमागच्या खुर्चीत बसले होते. गळ्याला पांढरा फडका, फडक्याखाली भोक, श्वास त्या भोकातून. आपरेशनमधे गळ्यातलं आवाजाचं यंत्रच काढून टाकलं, तेव्हापासून माणूस चुटकीवर आला. एक चुटकी म्हणजे इकडं बघ. दुसरी चुटकी म्हणजे काय झालं. हर्षालीला त्या चुटकीचा लई संताप यायचा. कुत्र्याला बोलावल्यासारखं. आणि संतापून वर बोलायची सोय नाही, कारण समोरचा उलटून बोलू शकत नाही. जो उलटून बोलू शकत नाही त्याच्याशी भांडताना आपलाच आवाज आपल्याला घाण वाटतो. "काय न्हाय," ती म्हणाली. "गरम झालाय." सकाळच्या गारव्यात कॉम्प्युटर कसा गरम होईल हे आण्णांनी विचारलं नाही. त्यांनी नुसतं पडद्याकडं बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठं काय रिकामं झालंय ते कळायचं. घाटात आयुष्य गेलेल्या माणसाला लांबून कळतं, कोणचा बैल जुवाखालून मान काढणार.

घाट म्हणजे बैलगाड्यांचा घाट. जत्रा आली की गावोगाव चढाच्या वाटेला बैलगाडे पळायचे, पुढं घोडी, मागं धुरळा, आणि वर माचाणावर माईक धरून आण्णा. जुन्नर-आंबेगावात सावळेरामच्या पुकाराशिवाय घाट म्हणजे बिनगुलालाची मिरवणूक. गाडा जुंपला जातोय तोवर गोड बोलायचे, मालकाच्या आज्यापणज्याची नावं घ्यायचे, आणि निशाण पडलं की तो आवाज जमिनीतून वर यायचा, झाली झाली झाली, भिर्रर्र, आणि त्या 'र'वर अख्खा घाट पायाच्या चवड्यावर उभा राहायचा. पाखऱ्या, हौशा, बादल, लक्ष्या. तालुक्यातल्या बैलांची नावं त्यांना तोंडपाठ. हर्षालीला वाटायचं, माणसाला चार पाय आणि वशिंड असलं तरच आण्णा माईकवर नाव घेतात. लहान होती तेव्हा एका घाटात हरवली होती ती. म्हणजे हरवली नव्हती, माचाणाखाली जनरेटरच्या ताडपत्रीवर झोप लागली होती. लाऊडस्पीकर सांभाळणाऱ्या भागूनं बखोटीला धरून बाहेर काढलं, वर नेलं. आण्णांनी बघितलं, मुस्काटात एक ठेवून दिली, आणि पाठ फिरवून परत माईक. "पुढची बारी हौशा-बादलची." बस. ती थप्पड तिच्या गालावर अजून होती. शाळेत नववीच्या बाईंनी असाच हात उचलला तेव्हा हिनं डस्टर भिरकावलं आणि दप्तर तिथंच टाकून आली ती आलीच. लोक म्हणाले पोरगी तापट. ती मनात म्हणायची, ज्याचं नाव कुणी घेत नाही त्यानं कधीतरी आवाज करायला नको का.

तिनं मशीन बंद करून परत चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, एका ओळीवर अडकल्या, लांबलचक अडकल्या, मग सुटल्या. डी आला! तिनं झटकन उघडला. लग्नं, बारशी, उद्घाटनं, आणि त्यात पिवळं पाकीट: आण्णा. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, आणि माऊसचा बाण गोठला. टक्. टक्. उजव्या कोपऱ्यात फुगा आला, इंग्रजीत, की लिहायला गेलो, लिहिता आलं नाही. आणि डी परत गेला. तुझं तोंड बघायला आलो होतो, बघितलं, चाललो, असं.

बाहेर फटफटी थांबली. सयाजी, जत्रा कमिटीचा. कळंबच्या हमरस्त्यावर दुकान असल्यानं जाणारायेणारा डोकावायचाच, पण सयाजी कामाला आला होता, हे तिला शर्टाच्या इस्त्रीवरून कळलं.

"काय हर्षाली म्याडम, सीडी झाली का?"

"कसली?"

"कसली म्हंजी? उंद्या घाट हाय राव. आण्णांचा आवाज लावायचाय ना माईकवर. पहिली बारी आण्णांच्या पुकारावर पळनार, मी समद्या गाडामालकांना सांगून बसलोय." मग आण्णांकडं वळून, मोठ्यानं, जणू ते बहिरे झालेत, "आण्णा! उंद्या माचाणावर खुर्ची टाकतो तुमच्यासाठी! फेटा बांधून या!"

आण्णांनी मान हलवली. हर्षालीनं ती मान बघितली. गेल्या दोन वर्षांत ती मान एवढी वर आलेली तिनं बघितली नव्हती.

"दुपारी चारला येतो," सयाजी म्हणाला. "आन् तो भिर्रर्रवाला घे. नायतर लावशीन कायतरी मिळमिळीत."

"तुमी जा हो आता. काम करू द्या."

"अगंगं. बापाची माईकवर जीभ चालायची, पोरीची माईकबिगर चालती," सयाजी हसला आणि फटफटीला किक मारली.

चारला येतो. कॅसेटी. आवाजाच्या मूळ कॅसेटी कुठं होत्या, ते तिला माहीत होतं, आणि माहीत असणं म्हणजे गळ्यात धोंडा. भागू दर घाटाला टेपरेकॉर्डर लावायचा, त्या पिशवीभर कॅसेटी त्यानं आपरेशननंतर आणून दिल्या. हर्षालीनं एकेक टेपला लावून कॉम्प्युटरमधे उतरवली. एका बाजूनं वायर घातली, दुसऱ्या बाजूनं स्पीकर बंद. कारण पहिल्याच कॅसेटीचा आवाज दुकानात घुमला तेव्हा आण्णा उठून बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले होते, ट्रकांकडं तोंड करून. म्हणून मुकाच उतरवला सगळा आवाज. पडद्यावर हिरवी रेघ वरखाली उड्या मारायची तेवढंच. ऐकलं काहीच नाही. ऐकू कधीतरी, म्हणाली. आणि उतरवून झाल्यावर कॅसेटी कशाला? औंदा उन्हाळी बाजरी निसवली, कणसं बाहेर आली, तशा चिमण्या पडल्या. आई, लंकाबाई, म्हणाली, "त्या रिकाम्या पट्ट्या दे गं बांधायला." गावात सगळेच बांधतात. कॅसेट फोडायची, आतली तपकिरी पट्टी ओढायची, या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणायची, वाऱ्यावर ती चमकते आणि घुंऽऽ करते, पाखरू फिरकत नाही. अवसरीच्या त्यांच्या रानात त्या पट्ट्या आण्णांनीच ताणल्या, खुंटाला गाठी मारत, स्वतःच्या हातानं. आज सकाळी येताना तिनं सायकलवरून ऐकलं होतं ते. घुंऽऽ. उन्हानं पांढरी पडलेली, पीळ बसलेली पट्टी, तिचा चुरा बाजरीच्या कणसांवर सांडत असणार. चिमण्या मात्र अजून भीत होत्या.

आणि मग तिचं डोकं सटकलं. विचार करायची वेळ असते तेव्हाच तिचं सटकतं. मशीन परत चालू, डी परत आला, आणि तो जायच्या आत तिनं त्याच्यावर डिस्क तपासायचं भूत सोडलं. दोन्ही चौकटींत खुणा केल्या: चुका दुरुस्त कर, खराब जागा शोध. कर. शोध. घे. हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकली, थांबली. टक्. सरकली. आण्णांनी चुटकी वाजवली. "थांबा ना जरा!" ती खेकसली, "सारखं काय चुटक्या!" त्यांचा हात हवेतच राहिला. मग तो हात खाली मांडीवर आला आणि तिथं पडून राहिला. भोकातून श्वास आत गेला, बाहेर आला, फडका हलला. ती पट्टीकडं बघत राहिली. अशीच ती दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून एका दाराकडं बघत राहिली होती, आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, सगळं काढलं, आता काळजी नाही. सगळं काढलं. पट्टी शेवटाला गेली. चुका दुरुस्त झाल्या, असं मशीन म्हणालं. तिनं डी उघडला. लग्नं अर्धी. बारशी नाहीत. आण्णा नाही. पिवळं पाकीटच नाही. सगळं काढलं, आता काळजी नाही.

तेव्हा कुठं तिनं मंचरच्या सोपानदादाला फोन लावला. हे मशीन त्यानंच जोडून दिलेलं. फोनची वायर कॅबिनेटपर्यंत पोचेना, म्हणून आण्णा उठले, रिसीव्हर घेऊन वायर ताणून मधोमध उभे राहिले, हात लांब करून. हर्षाली जमिनीवर कॅबिनेट आडवं पाडून बसली आणि तिथून ओरडायला लागली, आणि आण्णांच्या मुठीतून सोपानदादा ओरडायला लागला.

"सीडी रायटर दिसतोय का गं?"

"नाय!"

"डीबरोबरच जातोय का?"

"हां! बरोबरच!"

"मंग येडे, दोघं एका टायमाला कसे मरतील? दोघं एकाच पट्टीवर, त्या चपट्या वायरीवर हायेत ना? डिस्क बरी असंल. एकतर पट्टी, नायतर बोर्डावरचा कंट्रोलर. बैलं चांगली असत्यात, जूच मोडलेलं असतंय. डी काढ आन् सीच्या पट्टीवर दुसऱ्या टोकाला लाव. मागची बारकी टोपी स्लेव्ह लिहिलंय त्या खुणेवर सरकव." मग जरा थांबून, "चेक डिस्क मारली नाय ना?"

तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, परत ठेवला.

"हर्षे? त्या मोडक्या जुवावर चेक डिस्क मारली नाय ना? कंट्रोलर वाचतोय भलतंच, मशीनला वाटतंय डिस्क चुकीची, मंग ती चांगलं असलेलं पुसून भलतंच लिहिती. हॅलो?"

आण्णांच्या मुठीतून येणारा तो आवाज दुकानभर हॅलो हॅलो करत होता. आण्णांनी तिच्याकडं बघितलं. मारली का, असं त्यांच्या भुवया म्हणाल्या. चेक डिस्क म्हणजे काय हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण पोरीनं काहीतरी मारलंय एवढं त्यांना कळलं.

"मारली," ती म्हणाली.

मुठीतला आवाज उतरला. मग हळूच, "बरं. घाबरू नको. आधी पट्टी बदल. फाउंड नावाचं पाकीट दिसतंय का बघ. त्याच्यात फायलींचे तुकडे पडत्यात. नावं ऱ्हात न्हाईत, पन कुनाकुनाची डोकी जागेवर असत्यात. आवाजाची असंल तर शेवटाचं नाव बदलून डब्ल्यू ए व्ही कर. उघडली तर उघडली."

तिनं बोर्डावरची जुनी पट्टी धरली आणि ओढली. निघेना. हलवून हलवून उपटली, आणि बोर्डावरच्या त्या लांबट खाचेत टॉर्च मारला. हिरवा गंज. आणि हिरव्याच्या खाली, बारक्या बारक्या टाचण्यांच्या मुळात, पिवळं. ओलं होऊन सुकलेलं, पापुद्रा धरलेलं पिवळं. तिनं दात घासायचा जुना ब्रश घातला, ब्रशाचे केस पिवळे झाले. नाकाशी नेलं. हळद. नुसती हळद नाही, भंडारा.

खंडेनवमी. सगळे कोयते-कुदळी पुजतात तसा दुकानात कॅमेरा पुजला, टेपरेकॉर्डर पुजला, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. आई म्हणाली कुंकवाचं बोट लावा, पुरे. पण आण्णांनी नारळ फोडून पाण्याचा शिंतोडा दिला, आणि मग पिशवीतनं मूठ भरून भंडारा काढला आणि कॅबिनेटवर उधळला, माथ्यावर, जाळीवर, जसा घाटात जिंकलेल्या बैलांवर उधळायचे. मूठभर अजून. तेव्हा तोंड उघडलं होतं त्यांनी. जबडा, जीभ, सगळं 'येळकोट'च्या जागी हललं, आणि आवाज आला नाही, नुसता भोकातून वारा. ती हसून म्हणाली होती, "आण्णा, मशीन हाय ते, पळनार न्हाय." पंखा चालू होता. पंख्यानं ते सगळं आत ओढून घेतलं. आपलाच आवाज ज्यात ठेवलाय त्याला आण्णांनी भंडारा दिला होता, आणि तो भंडारा नारळाच्या पाण्यात कालवून दसऱ्यापासून चैतापर्यंत एकेक टाचणी खात बसला होता.

राग आला. असा आला की कानात घुंऽऽ झालं, त्या रानातल्या पट्टीसारखं. तिनं तोंड उघडलं. तुमीच, तुमीच केलं, कुणी सांगितलं व्हतं, सगळं जिभेवर तयार. आण्णा रिसीव्हर ठेवून जवळ आले होते, वाकून बघत होते. त्यांची नजर ब्रशावर. तिनं ब्रश पाठीमागं घेतला, पण उशीर झाला. "पट्टी सैल व्हती," ती म्हणाली. त्यांनी हात पुढं केला. तिनं दिला नाही. त्यांनी तिच्या मुठीतून ब्रश हळूच सोडवून घेतला, अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं केसांतली भुकटी चिमटीत धरली, चोळली, उजेडात बघितली. माणसाच्या तोंडावरचं रक्त कसं उतरतं ते तिनं एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. फडका जोरजोरात हलायला लागला. ते काहीतरी म्हणत होते. ओठ एकच शब्द परत परत करत होते, आणि ती वाचू शकली असती, पण तिनं मान खाली घालून डी ड्राइव्हला सीच्या पट्टीचं दुसरं टोक लावलं.

डी आला. शांत आला, टक् नाही की काही नाही. खरंच बैल चांगला होता. त्यात फाउंड नावाचं पाकीट होतं, आणि पाकिटात रांगच्या रांग फायली, सगळ्यांची नावं सारखीच, नुसते आकडे. बेवारशी. तिनं पहिलीचं शेपूट बदललं. उघडेना. दुसरी. उघडेना. तिसरीतून नुसती खरखर, पत्र्यावर रेती ओतल्यासारखी. ती एकामागून एक करत गेली. आण्णा तिच्या पाठीशी उभे. या वेळी ते बाहेर ट्रकांकडं गेले नाहीत. कुठं जाणार होते? ऊन शटरच्या आत आलं, तिच्या पायावर चढलं, काउंटरवर गेलं. भिर्रर्र कुठंच नव्हता. तो एवढा मोठा आवाज, घाटाच्या पार पलीकडं जाणारा, त्याचा एक 'र'सुद्धा नाही. रांग संपत आली तशी ती सावकाश करायला लागली. एक तरी फाईल बघायची राहिली आहे तोवर काहीतरी आहे.

आणि शेवटून कुठलीतरी एक उघडली.

आधी जनरेटर. मग फू, फू, माईकवर फुंकर. "हॅलो. ए भागू, आवाज बसतोय रं, डिझेल बघ." आण्णा. पाठीशी उभे आहेत ते नाही, माचाणावरचे. माणूस पाठीशी उभा असताना तोच माणूस पेटीतून बोलतो. "गाडामालक, ऐका. बारी थांबवा. निशानवाले, निशान खाली ठेवा वो. बारी थांबवा म्हनतो ना!" हा घाटातला आवाज नव्हता. याला ताल नव्हता. "एक पोरगी हरवलीय. परकर पिवळा. पायात चप्पल न्हाई. नाव इचारलं तर सांगनार न्हाई, तोंडाळ हाय. चावती पन. मारू नका कुनी. कुनाला घावली तर माईकपाशी आना." मधे कुणीतरी लांबून म्हणालं, आण्णा बारी सोडा, टाईम चाललाय, आणि आण्णा माईकवरच म्हणाले, "घाट गेला उडत." मग नुसता जनरेटर, लांबलचक, आणि तोंड माईकच्या अगदी जवळ आल्यासारखा, ओला, फाटका आवाज, "हर्षे. आगं हर्षे. असशील तिथून ये बाळा. मी काय रागावनार न्हाई. हर्—"

आणि संपलं. तिथंच तुटलं. नाव पुरं व्हायच्या आत.

माचाणाखाली ताडपत्रीवर झोपलेली एक पोर, तिच्या डोक्यावर फळ्या, फळ्यांवर बाप, आणि बाप अख्ख्या घाटाला तिचं नाव सांगतोय. ती झोपलेली. मग मोठी झालेली ती, आवाज मुका करून कॅसेट उतरवतेय, हिरवी रेघ उड्या मारतेय, आणि त्यातल्या कुठल्या तरी उडीत हे. गालावर थप्पड होती, अजून होती, पण ती मारणारा हात आता वेगळाच वाटत होता. भ्यालेला.

बाहेर फटफटी आली. सयाजीनं हॉर्न वाजवला, एकदा, मग लांब. "हर्षाली! झाली का सीडी? म्याडम!" कुणी उठलं नाही. उद्या माचाणावर खुर्ची टाकली जाणार होती, फेटा बांधलेला माणूस तिच्यावर बसणार होता, निशाण पडणार होतं, आणि माईकवर भिर्रर्र नव्हता. कुठंच नव्हता, आणि परत येणार नव्हता. तिनं मागं वळून बघितलं नाही. पाठीमागं श्वास आत जात होता, बाहेर येत होता, फडफड, फडफड.

मग तिच्या कानाशी चुटकी वाजली. हळद लागलेल्या बोटांची, जरा बोथट, घसरती.

तिनं ते परत सुरुवातीपासून लावलं.